पातेरा

भर दुपारी ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका गल्लीत मी वाकून बदामाची पानं गोळा करत होतो. देशी बदामाची. गळण्याआधी ती लालभडक होतात आणि वाळली की चपलेखाली पापडासारखी वाजतात. पिशवी निम्मी भरली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हो, काही पडलं का?" आमच्याच सोसायटीतले, दुसऱ्या मजल्यावरचे काका. मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "अंगठी."

का म्हणालो, कोण जाणे. पुढची दहा मिनिटं तो भला माणूस उन्हात उभा राहून छत्रीच्या टोकाने पानं उलटीपालटी करत होता. "खड्याची होती का?" मी हो म्हणालो. "कुठला खडा?" पुष्कराज, म्हणालो. त्यावर त्यांचा चेहरा इतका गंभीर झाला की मला घाम फुटला. अजूनही लिफ्टमध्ये भेटले की ते आधी माझ्या बोटांकडे बघतात.

खरं सांगायला काय हरकत होती? कंपोस्टच्या बादलीसाठी पानं नेतोय, एवढंच. पण काही वाक्यं रस्त्यावर मोठ्याने म्हणवत नाहीत. पर्यावरणासाठी आपण काही करतोय हे सांगताना आवाजात आपोआप व्याख्यान शिरतं, आणि ते ऐकणाऱ्याच्या आधी मलाच नकोसं होतं. शिवाय माझा या क्षेत्रातला पूर्वेतिहास बरा नाही. बांबूचा टूथब्रश आणला होता, त्याला पावसाळ्यात बुरशी धरली. 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून कापडी पिशव्या घेतोय, घेतोय म्हणजे अक्षरशः घेतोय, कारण असलेल्या सगळ्या दाराच्या खिळ्याला लटकून राहतात आणि मी बाजारात नवी विकत घेतो. खिळा आता वाकला आहे.

बादली मात्र टिकली. तिचं श्रेय ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला. तो ठाण्याच्या पुढे दिव्याला राहायचा आणि ठाण्याचा कचरा तेव्हा दिव्याला जायचा. डब्यात वांग्याचं भरीत दिसलं की तो म्हणायचा, "पोटभर खा. सालं उद्या आमच्याकडे येतीलच." सगळे हसायचे, तोही हसायचा. एकदा त्याच्या घरी गेलो, मे महिन्यात, आणि सगळ्या खिडक्या बंद. पंखा चालू आणि खिडक्या बंद. चहा पिऊन निघालो. खिडक्यांचं त्याने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तर पुढच्याच आठवड्यात झाकणाची बादली आणली, तिला भोकं पाडली आणि बाल्कनीत ठेवली. जून सुरू झाला होता. नवशिक्याने पावसाळ्यात हा उद्योग सुरू करू नये, हे मला जुलैत कळलं. मी भक्तिभावाने कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, भाज्यांची देठं टाकत गेलो. वरून पाव वाटी आंबट ताकही शिंपडलं. तीन आठवड्यांनी झाकण उघडलं तर आत बोटाच्या पेराएवढ्या अळ्या वळवळत होत्या. काही तर भिंतीवरून तुळशीच्या दिशेने निघाल्या होत्या. बायको काहीच बोलली नाही. तिने फक्त तुळशीची कुंडी उचलली आणि बेडरूमच्या खिडकीत नेऊन ठेवली.

त्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. ही माशी चावत नाही, आपल्या ताटावर येऊन बसत नाही, आणि तिच्या अळ्या कचऱ्याचा फडशा पाडतात. म्हणजे अळ्यांचं काही चुकलेलं नव्हतं. माझं चुकलं होतं. सगळं ओलंच घातलं होतं, सुकं काहीच नाही. एक वाटी ओल्याला निदान दोन वाट्या सुकं लागतं. ओल्यात नायट्रोजन, सुक्यात कार्बन, कुजवणाऱ्या जंतूंना साधारण एकास तीस अशी त्यांची सांगड लागते. आईला हे सगळं समजावून सांगितलं. तिने बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, ही तर गायरी. पातेरा कुठाय?"

गायरी म्हणजे शेणखताचा खड्डा. आणि पातेरा म्हणजे झाडाखाली पडलेला वाळका पाला. पातेरा. तीस-पस्तीस वर्षांत हा शब्द कानावर पडला नव्हता.

ठाण्यात पातेरा आणायचा कुठून? दुकानात मिळतो तो कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, विटेसारखा दाबून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. ज्याच्या आजोळच्या परसात सोडणांचा ढीग पडलेला असायचा त्याने हा भुसा पैसे मोजून आणायचा? परवडतो, पण आणवत नाही. म्हणून मग पिशवी घेऊन गल्ल्या. पाऊस सुरू झाला की सुकं पान मिळत नाही, त्यामुळे चार महिन्यांची बेगमी मेअखेर घरात हवी. आता मला पानांची प्रत कळते. सोनमोहराची बारीक पानं सर्वांत उत्तम, महिना-दीड महिन्यात दिसेनाशी होतात. वर्षावृक्षाचीही तशीच. बदामाची दिसायला देखणी, पण हाताने चुरावी लागतात. आंब्याचं पान चिवट, उंच अशोकाचं त्याहून. एकदा आळसाने अशोकाची पानं अख्खीच टाकली होती. तीन महिन्यांनी खत चाळलं तर चाळणीत ती शहाण्यासारखी एकावर एक बसलेली.

सगळ्यात मोठा साठा होता आमच्या गल्ली झाडणाऱ्या मावशींकडे. थंडीत रोज सकाळी त्या पानांचा ढीग लावत आणि काडी ओढत. धूर थेट आमच्या स्वयंपाकघरात. एके दिवशी धीर करून खाली गेलो आणि त्यांना सांगितलं, की 2016च्या घनकचरा नियमांप्रमाणे उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. (आवाजात व्याख्यान शिरलंच.) मावशींनी झाडू खराट्यासारखा जमिनीवर आपटून नीट केला आणि म्हणाल्या, "मग तुम्ही न्या."

दुसऱ्या दिवशी वॉचमनच्या खुर्चीशेजारी सिमेंटची गोणी उभी. तोंडापर्यंत पानं. वर निरोप: गोणी परत पाहिजे.

गोणी लिफ्टमधून वर नेताना कपड्यांना धुराचा वास लागला आणि त्या वासाने मला सरळ चिपळूणच्या बाजूला, आजोळी नेऊन सोडलं. कारण ज्या जाळण्यावरून मी मावशींना नियम ऐकवले, तेच काम बघायला आम्ही लहानपणी परीक्षा संपवून धावत जायचो. भाजावळ, म्हणजे जमीन भाजायचं काम, बहुतेक उरकलेली असे. एखादा कोपरा आजोबा आमच्यासाठी राखून ठेवत. पहिल्या वर्षी मी सहा वर्षांचा होतो. रात्री जेवताना आजोबा म्हणाले, "उद्या दाढ भाजायची." दाढ म्हणजे भाताची रोपं काढायची जागा, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझी एक दाढ त्याच सुमाराला दुखत होती. रात्रभर तोंडावर हात ठेवून जागा राहिलो.

सकाळी बघतो तर दाढ मळ्यात. खाली शेण, त्यावर झाडांची तोडून वाळवलेली कवळं, त्यावर पातेरा, सगळ्यावर मातीचा पातळ थर. आजोबा वाऱ्याचा अंदाज घेऊन आग लावायची बाजू ठरवत. भडका उडाला तर त्यांना चालत नसे. आग धुमसत, सावकाश, मातीला भाजत पुढे सरकली पाहिजे, म्हणजे तणाचं बी मरतं. आम्ही पोरं बांधावर बसून राहायचो. आजीचं काम पातेरा आणायचं. काजू-आंब्याखालून हारा भरून आणायची, गोठ्यात गुरांखाली पसरायची, मग तोच शेणामुतासकट गायरीत. हाऱ्यात आम्हाला हात घालू द्यायची नाही. "फुरसं असतं त्यात." आम्ही अर्थातच घालायचो. खाली कोरड्या पानांची ऊब आणि त्याच्याही खाली, तळाशी, गार ओलसर काहीतरी. ते फुरसं नव्हतं. पण त्या गारव्याला बोट लागलं की आम्ही किंचाळत पळायचो.

आईला विचारलं, तेव्हा कचरा टाकायचात कुठे? ती जरा वेळ आठवत राहिली. म्हणाली, "कचरा कसला? केर असायचा." आणि मटार सोलायला लागली.

यंदा एप्रिलमध्ये तिला घेऊन आजोळी गेलो. मामा गेल्यापासून घर बंद असतं. अंगणात पाऊल टाकलं ते घोट्यापर्यंत पातेऱ्यात. आंबा, काजू, फणस, तीन वर्षांचा. पायरी दिसत नव्हती. वारा येईल तशी पानं दाराला येऊन टेकलेली, कुलपापर्यंत. आई म्हणाली, "खराटा असेल बघ पडवीत." पडवीत खराटा होता, वाळवीने खाल्लेला. उचलला तर हीर हीर सुटून पडला. मग मी पायानेच पानं बाजूला सारली आणि तिने कुलूप उघडलं.

निघताना मी दोन गोण्या भरल्या. आईने एका शब्दाने अडवलं नाही. फक्त काठीने आधी पानं ढवळून घे म्हणाली, फुरसं असेल.

दुपारच्या मांडवी एक्सप्रेसने परतलो. सीटखाली, रॅकवर, दाराशी, सगळीकडे आंब्यांच्या पेट्या. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या गोण्यांकडे पाहिलं. "पेटीत नाही भरलेत? सुटा हापूस का?"

"हो," मी म्हणालो. आईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

ते जरा वाकले, नाकाने अंदाज घेतला. "वास नाही येत अजिबात."

"कच्चा आहे. घरी आढीत घालणार."