भागून बघ

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिका समितीचं पत्र आलं. ‘शाळेविषयी, सर्व गुरुजनांविषयी आणि आपल्या जडणघडणीविषयी दोन पाने लिहून पाठवावीत.’ सर्व गुरुजनांविषयी मला जमणार नाही, हे आधीच सांगते. गणिताच्या सरांनी माझं बीजगणित तारलं, मराठीच्या बाईंनी अक्षराला वळण लावलं, हेडसरांच्या नुसत्या चपलांच्या आवाजानं वर्ग गप्प व्हायचा. त्या सगळ्यांना इथूनच नमस्कार. पण शाळा म्हटली की मला भूगोलाचे सर आठवतात, आणि ते आठवले की बाकीच्यांना जागा उरत नाही. त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत ‘भूगोलाचे सर’ एकच. शिवाय छापील कागदावर स्वतःचं नाव दिसलं की ते चिडतात, हे आमच्या तुकडीला चांगलं ठाऊक आहे.

मी नववीत होते. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलेलं, पाऊस ओळीनं हुलकावणी देत होता. १६ ऑगस्ट १९८२ला लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा ‘आता आपलं सगळं सुधारतंय’ म्हणत पेढे वाटलेली माणसं तोवर गप्प झाली होती. दिवाळी सरली की वेशीजवळचा आड तळाला जायचा. मग घागरी घेऊन गावविहीर, तिथं रांग लागली की मळ्यातली विहीर. मी रोज दुसऱ्या तासाला वर्गात पोचायचे. हजेरीपटावर माझ्या नावापुढं लाल फुल्यांची ओळ होती आणि दाराबाहेर उभं राहण्याची माझी जागाही ठरलेली होती.

एक दिवस सरांनी विचारलं, “पोरी, उठतीस किती वाजता?”

“कोंबड्याला, सर.”

“मग शाळेत यायला बारा कशानं वाजतेत?”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते तालुक्याहून एसटीनं यायचे, त्यांच्या घरी नळ होता. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. मी सांगायला लागले आणि माझ्यामागून एकेक मुलगी बोलायला लागली. कुणी दोन खेपा, कुणी चार. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “पोरीच कशाला सर, माझी माय बी जातीय की.” दुसरा म्हणाला, “वरच्या गल्लीला जवळ पडतंय, आमाला लांब. ते बी बघावं लागंल.” सर फळ्यावर एकेक प्रश्न लिहीत गेले. फळा भरला तेव्हा त्यांनी खडू ठेवला आणि म्हणाले, “यातल्या एकाचंबी उत्तर मला येत नाही. पुस्तकात नाही. कसं काढायचं ते तुम्ही ठरवा, आणि मी काय करायचं तेबी तुम्हीच सांगा.”

शिक्षकानं ‘मला येत नाही’ म्हणायचं, हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आज मी शिक्षकांनाच शिकवते. हे वाक्य त्यांच्या तोंडून काढायला मला किती कष्ट पडतात ते मलाच ठाऊक.

कोठारी आयोगानं १९६६च्या अहवालात कार्यानुभव सुचवला, तो आपल्या शाळेत पोचेपर्यंत त्याची कागदी फुलं झाली होती. पाहुण्यांच्या हारासाठी. सरांनी तो तास मागून घेतला. आम्ही तीन गट केले: एक गट वेळ मोजणार, एक विहिरी, एक नकाशा काढणार. सरांना आम्ही काम दिलं ते तलाठ्याकडून गावनकाशा आणायचं. तालुक्याच्या पाणीपुरवठ्याच्या साहेबांना पत्र मात्र आम्हीच लिहिलं. त्या काळचा निकष उत्तरातून कळला: माणशी रोज ४० लिटर, आणि २५० माणसांमागे एक हापसा. आम्ही हापसे मोजले, गावाची माणसं मोजली आणि खूश होऊन सरांकडं गेलो, कारण हिशोब बरोबर बसत होता. सर म्हणाले, “चालू किती हायेत? तेवढ्यानंच भागून बघ.” भागलं. “आता गल्लीवार भागून बघ.” खालच्या वस्तीच्या वाट्याला भागायला काहीच नव्हतं. तिथला हापसा केव्हाचा मोडून पडला होता आणि गावाच्या बेरजेत तो चालू हापशासारखा उभा होता.

पण मला लिहायचंय ते येळवशीच्या दिवसाचं.

आपल्याकडची येळवस बाहेरच्यांना सांगून कळत नाही. वेळ अमावस्येला गावात माणूस राहत नाही, सगळं शिवारात. कडब्याची कोप, आंबील, भज्जी, उंडे. आमच्या तुकडीतल्या एका मुलाच्या आजोबांनी सरांसकट सगळ्या वर्गाला जेवायला बोलावलं होतं. आबांनी तरुणपणी पंचक्रोशीतल्या कितीतरी विहिरी खोदलेल्या, गावविहिरीच्या खोदकामातही ते होते. विहीर गटाला तर घबाडच सापडलं. जेवणं झाली आणि वह्या निघाल्या.

“आबा, गावची हीर किती खोल?”

“आठ परस. आधी सहा हुती, बहात्तरच्या दुष्काळात दोन परस खाली नेली.”

“म्हंजे किती फूट?”

“परस म्हंजे परस.”

इथं अडलं. एक जण म्हणाला, परस म्हणजे माणूस डोक्यापर्यंत. दुसरा म्हणाला, हात वर करून. भांडण जुंपलं. सर कोपीला टेकून आंबील पीत बसले होते. त्यांच्याकडं आम्ही पाहिलं, तर त्यांनी लोटा आणखी वर केला. शेवटी आबाच वैतागले. “डोक्यापतोर कसं रं? खालचा गडी टोपलं वर देतंय तवा हात वर करतंय का न्हाई? बोटं जिथं पोचतेत तिथवर परस.”

“मग कुणाचा परस? आबा, तुम्ही तर ठेंगणे.”

“खणणाराचा! मालकाचा नव्हं.”

मग आबांना लिंबाच्या झाडाला पाठ लावून उभं केलं. त्यांनी हात वर केले, फेटा सुटला, बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आम्ही कोळशानं खूण केली आणि टेपनं मोजलं. आबा सांगत गेले तसं वहीत विहिरीचं चित्रही उतरत गेलं: वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड, खाली काळा पाषाण. पाणी लागतं ते मधल्या सांध्यात. काळ्या पाषाणात शिरलं की नुसता पैसा जातो. आता सर उठून जवळ आले. पुस्तकातले लाव्ह्याचे थर, बेसॉल्ट, आम्ही पाठ केलेलं सगळं त्या वहीत होतं, आबांच्या शब्दांत. सरांनी स्वतःची वही काढली आणि आबांना विचारून विचारून लिहून घ्यायला लागले. आमच्यापेक्षा जास्त प्रश्न त्यांचेच.

दुसऱ्या दिवशी गावविहिरीत गाठी मारलेला दोर सोडला. आठ परसाचे फूट आम्ही काढून ठेवले होते. दोर त्याच्या बराच आधी टेकला. ‘आबा विसरले असतील’ असं आम्हाला वाटलं. आबांना कळलं तेव्हा ते काठी टेकत विहिरीवर आले, काही न बोलता दोर वर ओढला आणि दगडाला लागलेला चिखल आमच्यापुढं धरला. गाळ! विहीर आठ परसच होती, तिच्या तळाशी कितीतरी वर्षांचा गाळ बसला होता. पाझर त्याखाली बुजलेले. गाव पाऊस नाही पाऊस नाही म्हणत होतं. पाऊस नव्हताच, पण विहीरही अर्धवट बंद झालेली होती.

उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत आम्ही हे वाचून दाखवलं. एरवी ग्रामसभेला बाया येत नसत. त्या दिवशी लेकी बोलणार म्हणून आल्या आणि मागं भिंतीला टेकून बसल्या. कुणाचे किती तास जातात तो तक्ता मी वाचला. एक जण मध्येच म्हणाला, “गुरुजींनी लिहून दिलेलं वाचतीया.” सर उठले नाहीत. माझी आई उठली. म्हणाली, “माझे तास हायेत त्यात. गुरुजी आलते का माझ्यासंगं पाण्याला?”

विहिरीचा गाळ पावसाळ्याआधी निघाला. आबा काठावर बसून तळ लागेपर्यंत हलले नाहीत. खालच्या वस्तीचा हापसा मात्र तसाच राहिला. मी दहावी होऊन बाहेर पडले तेव्हाही तो मोडलेलाच होता. हे लिहायला हवं, कारण अशा लेखांत सगळं सुधारलं असंच छापतात.

पुढं बी.एड.ला गेल्यावर कळलं की सर करत होते त्याला शास्त्र आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी १९१८मध्ये प्रकल्प पद्धतीवर लेख लिहिला. गांधीजींनी १९३७च्या वर्धा परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण मांडलं. मी हुरळून सरांना पत्र पाठवलं. उलट टपाली कार्ड आलं: ‘किलपॅट्रिक मलाही परीक्षेला होता. तुमच्या वर्गात आल्यावर समजला.’

आज मी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आमच्या भाषेत डाएटला आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३पासून भरते. १० ते १७ वर्षांच्या मुलांनी आपल्याच परिसरातला प्रश्न घेऊन शोध घ्यायचा. आमच्याकडं शिकून गेलेल्या शिक्षकांची मुलं त्यात राज्यापर्यंत गेली आहेत. अभिमान वाटतो, लपवत नाही. पण प्रशिक्षणात मी शिक्षकांना पहिल्या दिवशी बाजारात पाठवते आणि ‘तुम्हाला उत्तर माहीत नाही असा एक प्रश्न घेऊन या’ म्हणते, तेव्हा पहिला हात वर होतो तो ‘मॅडम, याला गुण कसे द्यायचे?’ हे विचारायला. त्यांचा तरी काय दोष. ‘प्रकल्प’ आता स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो, थर्माकोलसकट. पाण्यावरच्या प्रकल्पात मुखपृष्ठावर धबधबा असतो. आपल्या शिवारात धबधबा! मूल रात्री आईकडून तो उतरवून घेतं, शिक्षक सही करतो, वही कपाटात जाते. आणि नववीपासून पोरं लातूरला क्लासला. तिथं उत्तर आधी ठरलेलं असतं, प्रश्न नंतर येतो. लातूर पॅटर्ननं आपली पोरं डॉक्टर झाली, हे मी नाकारत नाही. माझा पुतण्याही झाला. तरी त्याला त्याच्या गावच्या विहिरीची खोली विचारली तर तो मोबाइल काढतो.

१२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. सगळीकडं तोच आकडा, सगळ्यांचे डोळे विस्फारलेले. मी सरांना फोन केला. ते तेव्हा मुलाकडं राहायला गेलेले, ऐकू कमी येत होतं. “पाच लाख लिटर आलं, सर!” मी ओरडून सांगितलं. पलीकडून आवाज आला, “भागून बघितलंस का?” २०११च्या जनगणनेत शहराची वस्ती ३ लाख ८२ हजार. माणशी सव्वा लिटरच्या आसपास. पुढं वाघिणी वाढल्या, तो भाग वेगळा. “आता बघ,” सर म्हणाले, “हे सव्वा लिटरबी कुणाकुणाच्या दारात जातंय.” दुसऱ्या दिवशी माझे छात्राध्यापक वही घेऊन टँकरच्या मागं होते.

अमृतमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रकल्प प्रदर्शन’ छापलंय. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की विषय वरून देऊ नका. जलजीवन मिशनचे नळ आता दारोदार आहेत, निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. मुलांना काय विचारावंसं वाटतं ते फळ्यावर लिहून काढा आणि मग खडू खाली ठेवा. सर येणार आहेत असं ऐकते. त्यांना व्यासपीठावर बसवून शाल देऊ नका, मुलांमध्ये बसवा.

आणि एक काम राहिलंय. आमची विहीर गटाची वही, तांबड्या कापडी बांधणीची, पहिल्या पानावर आबांच्या हातांचा कोळशाचा ठसा आहे ती, ग्रामसभेनंतर कुणीतरी बघायला म्हणून नेली. ती शाळेत परत आली नाही. त्या वेळचे सदस्य, त्यांची मुलंबाळं यांनी माळ्यावर, जुन्या पेटीत पाहावं. सापडली तर शाळेच्या कार्यालयात द्यावी. नववीच्या मुलांना गावविहिरीत पुन्हा दोर सोडायचा झाला तर जुने आकडे त्या वहीतच आहेत.

— एक माजी विद्यार्थिनी