कटाशिवायची पुरी

आंब्यांची पेटी विमानतळावरच गेली. दोष कुणाला द्यायचा नाही, चूक आमचीच. मे संपत आला होता. ठाण्याच्या गावदेवी मंडईतल्या नेहमीच्या फळवाल्याने "ताई, ही शेवटची, यापुढे पावसाळी आंबा" असं म्हणत दोन डझनांची पेटी गळ्यात मारली होती. परदेशात ताजी फळं न्यायची तर परवाना लागतो, हे घरातल्या चार शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्याने अगदी अदबीने पेटी बाजूला ठेवून घेतली. आईने मला त्याला विचारायला लावलं, "मग हे तुम्ही खाणार का?" तो हसून म्हणाला, नाही, नष्ट करावे लागतात. "खाल्ले असते तर काही वाटलं नसतं," हे आईने गाडीत बसेपर्यंत तीनदा म्हटलं. कोकम, गोडा मसाला आणि कुरडया तेवढ्या सुटल्या.

आम्ही चाललो होतो आतेबहिणीकडे, मॉरिशसला. पुण्यात शिकायला आलेल्या तिथल्या एका मराठी मुलाशी ताईने लग्न केलं, त्याला आता अठरा वर्षं झाली. आत्या होती तोवर ताईच दर दोन वर्षांनी नौपाड्यात यायची. आत्या गेली आणि ते येणंही तुटलं. "मामी, आता तुम्ही या," हा तिचा फोन दर दिवाळीला ठरलेला. शेवटी सत्तरी गाठल्यावर आईनेच ठरवलं की गुडघे चालताहेत तोवर जाऊन येऊ. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास, आणि उतरल्यावर घड्याळ दीड तास मागे.

"बेटावर चाललोय," असं आई महिनाभर शेजारीपाजारी सांगत होती. तसं ठाणंही बेटावरच आहे, साष्टी बेटावर. पण कळव्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला आपण बेट सोडून चाललोय असं कधी वाटत नाही. बेट म्हणजे ऊन, नारळ आणि घाम, या समजुतीवर आम्ही सगळे सुती कपडे भरले. दक्षिण गोलार्धात मे-जून म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, हे शाळेत पाठ केलेलं वहीतच राहिलं. ताईचं घर व्हाक्वाला, बेटाच्या मधल्या पठारावर. पोचलो तेव्हा बारीक पाऊस आणि हुडहुडी भरवणारा वारा. पहिले दोन दिवस आई साडीवर भावोजींचं जाकीट घालून वावरली. फोटोत ती एखाद्या पतपेढीच्या वॉचमनसारखी दिसते. हे तिला आवडलेलं नाही, पण फोटो आहे.

घरात शिरताच हातात चहा आला. एक घोट घेऊन आईने माझ्याकडे पाहिलं. "आइस्क्रीम वितळलंय का यात?" व्हॅनिलाचा वास लावलेली चहापत्ती ही तिथली रोजची गोष्ट. दक्षिणेकडे बोआ शेरीला १८९२ पासूनचा चहामळा आहे, तिथली पत्ती. मला तो चहा तिसऱ्या दिवशी आवडायला लागला. आईने मात्र दुसऱ्याच सकाळी आलं किसून स्वतःचं आधण ठेवलं.

ताईच्या सासूबाई, म्हणजे आईच्या हिशेबाने विहीणबाई, आईच्याच वयाच्या. घरात झगा, देवाशी बसताना साडी. बोलणं सगळं क्रेओलमध्ये, तिथल्या बोलीभाषेत. मराठी शब्द मोजके, पण ठसठशीत: देव, आरती, भाकरी, बस, खा. नात शाळेत मराठी शिकते, ती मात्र पुस्तकातलं बोलते. "तुम्हाला पाणी हवे आहे का?" असं तिने इतक्या स्वच्छ उच्चारात विचारलं की आई उठून नीट बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजींनी आम्हाला नाश्त्याला थेट रस्त्यावर नेलं. दुचाकीच्या मागे काचेची पेटी, पेटीत फडक्याखाली पिवळ्या पुऱ्यांची चळत. फलकावर रोमन अक्षरांत फ्रेंच वळणाने लिहिलेलं, वाचताना ढोल-पुरी असं काहीतरी होतं, म्हणायचं दालपुरी. ही एक कधी विकत नाहीत, जोडीच. आपल्या रुमालाएवढी, रुमालासारखीच मऊ. विक्रेत्याने कागदावर दोन पुऱ्या एकीवर एक टाकल्या, डबल बीसारख्या मोठ्या पांढऱ्या दाण्याची उसळ चमचाभर, टोमॅटोचं रुगाय चमचाभर, कोबी-गाजराचं मोहरी-हळद लावलेलं अशार, आणि मग हात थांबवून आईकडे बघून म्हणाला, "पिमाँ?" भावोजी सांगायच्या आतच आईने मान हलवली. पिमाँ म्हणजे वाटलेली मिरची. गुंडाळी हातात येईपर्यंत पुढच्या तिघांचीही झाली होती. आई रस्त्याच्या कडेला उभी राहून, डोळ्यांतून पाणी काढत दोन्ही पुऱ्या खाऊन गेली आणि म्हणाली, "पुरणपोळी आहे ही. गूळ विसरलेत."

त्या दिवसापासून तिला वेड लागलं. जे दिसेल त्याचं मूळ ती शोधायला लागली. भाजीबाजारात तर ताईला पुढे जाऊच देईना. अळूच्या पानांना तिथे ब्रेद सोंज म्हणतात, शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरुम. पडवळ म्हणजे पातोल, भेंडी म्हणजे लालो, कारलं म्हणजे मार्गोज. कोथिंबिरीला कोतोमिली आणि कढीपत्त्याला कारिपुले, हे दोन्ही शब्द तमिळ माणसांबरोबर आलेले. आईने कोतोमिलीची एक जुडी नाकाला लावली, भाव विचारला आणि आपल्या रुपयांत हिशेब करून परत ठेवली. तिथलंही चलन रुपयाच आहे, पण आपल्यापेक्षा महाग. म्हणजे दरवेळी गुणाकार करायचा. जांभळी नाक्याच्या बाजारात चाळीस वर्षं घासाघीस केलेल्या बाईला गुणाकार करून घासाघीस करता येत नाही, हे मी तिथे पाहिलं.

पोर्ट लुईसला आम्ही मेट्रोने गेलो. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब बघण्यात आमची वर्षं गेली, म्हणून खिडकीशी मीच बसले. मध्यवर्ती बाजारात अलुदा प्यालो: थंड दूध, भिजलेला सब्जा, चायना ग्रासचे तुकडे. फालुद्याचा सडपातळ भाऊ. त्या थंडीत तो प्यायचा म्हणजे हट्टच, पण बाजारातली निम्मी माणसं हातात ग्लास घेऊनच फिरत होती. दुपारी एका चिनी खानावळीत भावोजींनी बोल राँव्हेर्से मागवला, म्हणजे उलटा वाडगा. तळाशी तळलेलं अंडं, त्यावर भाज्या-कोंबडीचं दाट कालवण, वर भात दाबून भरलेला. ताटलीत उलटा केला की मूद पडते आणि अंडं डोक्यावर येतं. बेटावर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या चिनी लोकांचा हा पदार्थ. आपल्या नाक्यावरच्या चायनीज भेळेशी याचं काडीचंही नातं नाही, आणि ते बरंच आहे.

तिथून बंदराकाठी आप्रवासी घाट. १८४९ मध्ये बांधलेल्या जुन्या वास्तूचा थोडाच भाग उरलाय: काळा दगड, कमानी, आणि सोळा पायऱ्या. ऊसमळ्यांवर करार करून आणलेली हिंदुस्थानी माणसं बोटीतून उतरून याच पायऱ्या चढून आत यायची. पहिली तुकडी आली २ नोव्हेंबर १८३४ ला. त्या दिवशी मॉरिशसमध्ये अजून सुट्टी असते. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं आली, त्यांतली बरीचशी बिहारकडची, कलकत्त्याहून निघालेली. मुंबई बंदरातून गेलेली आपली माणसं त्या मानाने मूठभर, आणि त्यांत कोकणातली पुष्कळ. २००६ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. आई पायऱ्यांशी उभी राहून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गुडघ्याएवढ्या उंच आहेत. बोटीतून इतके दिवस बसून आल्यावर कसं चढायचं माणसाने?"

संध्याकाळी विहीणबाईंनी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदी जपून ठेवल्या आहेत. तिथून भावोजींनी पणजोबांच्या नोंदीची प्रत काढून आणलेली. नाव, बापाचं नाव, वय, उंची, बोटीचं नाव, एक नंबर, आणि जिल्हा. जिल्ह्याचं स्पेलिंग साहेबाने असं केलेलं की वाचताना "रतनाघेरी" होतं. आईचं माहेर चिपळूणजवळचं. तिने चष्मा लावला, कागद दिव्याखाली धरला, आणि गावाच्या नावावर बोट ठेवून अर्धा तास आम्हाला छळलं: हे अमुक असेल, छे, तमुक असेल. गाव काही ठरलं नाही. विहीणबाई फक्त म्हणत होत्या, "बस, खा." समोर गातो पिमाँची बशी होती. वाटल्या डाळीचे छोटे वडे, मिरची आणि कांद्याची पात घातलेले, तिथे ते लोणी लावलेल्या पावात घालून खातात. हा वडापाव म्हणायचा की नाही यावर भावोजींशी माझा वाद झाला. मी हरले नाही.

बाकीचं फिरणं लवकर उरकते. शामारेलची सात रंगांची माती पाहिली. फोटोत जास्त छान दिसते. गंगा तलाववर धुकं इतकं, की १०८ फुटांच्या शंकराचे गुडघ्यापर्यंतच दर्शन झालं. मोका इथल्या महाराष्ट्र भवनात २०२३ मध्ये बसवलेला शिवरायांचा पुतळा पाहिला, तिथे आईने पुतळ्यापेक्षा आवारातला फणस जास्त निरखला. फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा मात्र मनापासून आवडला. सुरूचं बन थेट वाळूपर्यंत, अगदी आपल्या कोकणातल्यासारखं. फरक एवढाच की लाटा काठाशी येतच नाहीत. दूर प्रवाळाच्या कड्यावर पांढरी रेघ फुटताना दिसते आणि अलीकडे पाणी थाळीतल्यासारखं निवांत. तिथे छोटे व्हिक्टोरिया अननस विकतात. विकणारी बाई देठाला धरून तिरक्या खाचा मारत सगळे डोळे काढते, पळीसारखा अननस हातात देते, वर मीठ-मिरची आणि चिंचेचं पाणी. दोन खाल्ले. जीभ दोन दिवस सोललेली राहिली.

त्या सोललेल्या जिभेवर दुसऱ्या दिवशी व्हिंदाय आलं. तळलेला मासा, वाटलेली मोहरी, हळद, लसूण, आख्खे छोटे कांदे, व्हिनेगर. करून ठेवतात आणि मुरलं की गार खातात, पावाबरोबर. फेसलेल्या मोहरीचा तो झणका नाकात गेला आणि आईने डोळे मिटले. ऑक्टोपसच्या रश्शाला तिने हात लावला नाही. "आठ पाय असलेलं मी खात नाही," म्हणाली. चिंबोरीला पाय किती असतात हे मी विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते शुक्रवारच्या दुपारचं. विहीणबाईंनी घरी दालपुरी करायला घेतली आणि आई पदर खोचून शेजारी उभी राहिली. दोघींमध्ये भाषा नाही. डाळ हळद घालून शिजत होती. आईने एक दाणा बोटांत दाबला. "कच्ची आहे अजून." विहीणबाईंनी तोच दाणा दाबला, मान डोलावली आणि गॅस बंद केला. डाळ मऊ व्हायची नाही, नुसती दबायला हवी, कारण पुढे ती कोरडी भरडायची असते, भाजणीसारखी भुरभुरीत. मग डाळ उपसली. आईने सवयीने खालचं पाणी पातेल्यात धरलं आणि बाजूला ओट्यावर ठेवलं, झाकण घालून. विहीणबाईंनी झाकण काढलं आणि ते सगळं पाणी मैद्यात ओतलं.

"अहो, कट!" आई एवढ्याने ओरडली की ताई बाहेरून धावत आली. पुरणाचा कट पिठात? मग आमटी कशाची करायची? ताईने क्रेओलमध्ये समजावलं. विहीणबाईंनी ऐकून घेतलं आणि तितक्याच आश्चर्याने काहीतरी विचारलं. ताई हसत सुटली. "त्या म्हणताहेत, ते पाणी आमटीत घालवलं तर पीठ कशाने मळता?"

पीठ पिवळं झालं, मऊ झालं. भाजक्या जिऱ्याची पूड घातलेली कोरडी डाळ आईने उंड्यात भरली, तोंड मिटलं, लाटलं. पहिली फाटली. दुसरीही फाटली, कोरडं सारण ओल्या पुरणासारखं सांभाळून घेत नाही. तिसरी विहीणबाईंनी तिचा हात लाटण्यावर दाबून, हलका कर, हलका, असं दाखवत लाटून घेतली. तव्यावर ती फुगली तेव्हा दोघींनी एकमेकींकडे न बघता एकदमच "हां" म्हटलं.

मिरची वाटायला परसात पाटा होता. त्याला तिथे रोस कारी म्हणतात, आणि वरवंट्याला बाबा. बाबा म्हणजे क्रेओलमध्ये तान्हं बाळ. ताईने हे सांगताच आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं. बारशाला आपण वरवंट्यालाच कुंची घालून आधी पाळण्याखालून-वरून देतो, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. तिने तो ओला, मिरचीने माखलेला वरवंटा उचलला, दोन्ही हातांत आडवा धरला आणि विहीणबाईंपुढे केला. विहीणबाईंना विधी आठवला की नुसतीच गंमत वाटली, ते मला कळलं नाही. पण त्यांनी तो घेतला, झुलवला, आणि परत दिला. नंतर आईच्या तळहातांची आग रात्रभर होत होती.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आईने ठाण्यात दालपुरी केली. डबल बीची उसळ, टोमॅटोचं रुगाय, सगळं. माझ्या यजमानांनी दोन पुऱ्या खाल्ल्या, मग ओट्यावरची पातेली एकेक करून उघडून बघितली.

"आई, आमटी कुठाय?"

"कट पिठात गेला," आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "पिमाँ?"