सोर्स कोड बघितला एकदाचा
आज सुट्टी होती म्हणून दुपारी सोर्स कोड हा सिनेमा बघून टाकला, २०११ चा, दिग्दर्शक डंकन जोन्सचा. शिकागोला जाणारी लोकल, त्यात बॉम्ब, आणि हिरोला दर वेळी फक्त ८ मिनिटं तीही दुसऱ्याच कुणाच्यातरी शरीरात.. बॉम्ब कोणी ठेवला ते शोध नाहीतर परत पहिल्यापासून सुरू. सायन्सला फार डोकं लावू नका, क्वांटम म्हणून गुंडाळलंय सरळ 😄 पण हिरो झालेल्या जेक जिलेनहालने काय काम केलंय यार, आधी नुसता गोंधळलेला मग चिडलेला आणि नंतर स्वतःच्याच बापाला दुसऱ्याच्या नावाने फोन करतो ना, तिथे चहा गार झाला माझा. शेवट मात्र ताणलाय, ट्रेनमध्ये सगळं फ्रीझ होतं तिथेच थांबवायचा होता. पटत नसेल तर या भांडायला!