अक्षतांच्या रेघा

नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या गल्लीत जुन्या कॅसेट आणि डीव्हीडी संगणकात उतरवून देण्याचे माझे छोटेसे दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी पंचवटीतून एक काका पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, २००४ सालच्या लग्नाची एमपी४ फाइल होती.

"ताई, मोबाईलवर चित्र दिसतं, पण आवाजच येत नाही. आईने स्वतः रचून म्हटलेलं मंगलाष्टक आहे त्यात, आणि उद्या तिचं वर्षश्राद्ध आहे."

माझ्या संगणकावर मात्र आवाज स्वच्छ ऐकू येत होता. फाइलच्या नावापुढे एमपी४ लिहिलेले असले, तरी ते केवळ डब्याचे नाव असते. आतला आवाज डीव्हीडीवरचा एसी-३ पद्धतीचाच ठेवला होता आणि तो उलगडण्याची सोय त्यांच्या मोबाईलमध्ये नव्हती. एफएफएमपेग या रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये चित्राला हात न लावता फक्त आवाज मोबाईलला उलगडणाऱ्या एएसी पद्धतीत बदलला, तेव्हा पाऊण तासाच्या फाइलला मिनिटभरही लागले नाही. काकांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा संशयच अधिक दिसला, कारण आधीच्या माणसाने म्हणे दोन दिवस घेतले होते. कामाला वेळ लागला की पैसे आपोआप योग्य वाटतात, हा अनुभव मला नवा नाही.

खरी अडचण त्यानंतर दिसली. अंतरपाट दूर झाला आणि अक्षता उडाल्या, तेव्हा प्रत्येक दाण्याच्या जागी कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उमटल्या. आपल्याकडच्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ चित्रे असतात, पण त्या काळच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रत्येक चित्रातल्या सम आणि विषम ओळींमध्ये एक-पन्नासांश सेकंदाचे अंतर असते. या ओळी सुट्या करण्याआधीच कोणी चित्र मोठे केले, तर त्या एकमेकींत मिसळतात आणि नंतर नीट वेगळ्या होत नाहीत. येथे ७२० बाय ५७६ चे चित्र ताणून १२८० बाय ७२० केले होते, त्यामुळे सगळे वऱ्हाडही आडवे सुटलेले दिसत होते. मी मूळ डीव्हीडीची चौकशी केली. ती देव्हाऱ्याखालच्या खणात असल्याचे काकांनी सांगितले, आणि तासाभरात भर पावसातून ते ती लग्नपत्रिकेत गुंडाळून घेऊन आले.

डीव्हीडीवर चरे होते. माझा नेहमीचा ड्राइव्ह बराच वेळ घरघरत राहिला आणि अडकला; मऊ फडक्याने मध्यापासून कडेकडे पुसून ती दुसऱ्या, जुन्या ड्राइव्हमध्ये घातल्यावर व्हीओबी फाइल, म्हणजे चित्र आणि आवाज साठवलेल्या डीव्हीडीवरच्या फाइल, एकदाच्या उतरल्या. त्या तीन होत्या, कारण डीव्हीडीवर एक व्हीओबी फाइल एक जीबीहून मोठी होऊ देत नाहीत. घाईत मी तिन्ही वेगवेगळ्या रूपांतरित करून मग जोडल्या, ही माझी चूक झाली. नेमका मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीवर सांधा आला आणि 'सावधान'मधले पहिले अक्षर गिळले गेले. काकांनी काही न बोलता माझ्याकडे पाहिले.

मग तिन्ही तुकडे आधी सलग जोडले, ओळी सुट्या करून सेकंदाला ५० चित्रे केली, चित्र ७६८ बाय ५७६ वर आणले आणि आवाज एएसीमध्ये घेतला. रात्री साडेनऊला तेच दृश्य पुन्हा लावले. अक्षतांचे दाणे सुटे पडत होते, आणि काकांच्या आईंनी 'सावधान' म्हणताना नथ सावरण्यासाठी उचललेला हात स्पष्ट दिसत होता. काकांनी तेवढाच भाग तीनदा पाहिला.

निघताना त्यांनी विचारले, "हे आता भावकीच्या ग्रुपवर टाकू ना?"

व्हिडिओ म्हणून टाकल्यास ते पुन्हा आवळले जाईल, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, हे मी त्यांना मोबाईल हातात घेऊन दाखवले. आणि डीव्हीडी त्याच लग्नपत्रिकेत गुंडाळून परत दिली.