कुंडईच्या सर्व्हर रूममध्ये ओपनस्टॅक: माझा अनुभव

एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं (व्हीएम) चालवणाऱ्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरच्या रिन्यूअलचं कोटेशन आलं तेव्हा संचालकांनी ते माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "याच्याशिवाय चालतं का बघा." कायमचं लायसन्स बंद, यापुढे दर वर्षी प्रोसेसरच्या कोअरमागे पैसे, असा त्या कागदाचा मथितार्थ. आमची कंपनी गोव्यात, कुंडई औद्योगिक वसाहतीत. इस्पितळं आणि औषध कारखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवतो. सर्व्हर आमचेच, रूम आमचीच. सगळं उचलून मुंबईच्या पब्लिक क्लाउडमध्ये टाकावं, असाही विचार झाला. पण पावसाळ्यात कोणी रस्ता खणला आणि फायबर तुटली की डेव्हलपर हात बांधून बसणार. शिवाय विकत घेतलेल्या सर्व्हरचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच.

चार-पाच सर्व्हर आहेत, आयटीचा एकच माणूस आहे आणि व्हीएम तोच बनवून देतो, असं तुमचं असेल तर प्रॉक्समॉक्स हे सोपं सॉफ्टवेअर घ्या आणि पुढचं वाचू नका. खरंच सांगतो. आमची गरज वेगळी होती. तीन टीम, प्रत्येकीचा वेगळा कोटा, वेगळं नेटवर्क, आणि टेस्टिंगसाठी यंत्रं स्क्रिप्टमधून उभी राहून संध्याकाळी आपोआप पुसली जायला हवी होती. हे ओपनस्टॅक करतं: आपल्याच सर्व्हरांचा खाजगी क्लाउड बनवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. अपाचे क्लाउडस्टॅकही हे करतं, आणि त्याची मांडणी जास्त सुटसुटीत आहे. सिट्रिक्सने २०११ मध्ये क्लाउड डॉट कॉम ही कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी तिचं हे सॉफ्टवेअर अपाचे फाउंडेशनकडे दिलं. माद्रिदच्या विद्यापीठातल्या संशोधनातून आलेलं ओपननेब्युलाही आम्ही लावून पाहिलं. तरी ओपनस्टॅक निवडलं त्यामागे तांत्रिक कारण कमी आणि माणसाचं जास्त होतं. माझी सहकारी गोव्यातल्या साखळी गावची. बंगळूरला काही वर्षं ओपनस्टॅकवरच काम करून ती गोव्यात परतली होती. रात्री काही बंद पडलं तर ते उघडून बघणारं माणूस घरचं असणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

ओपनस्टॅक २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केलं. व्हीएम चालवणारा नोव्हा हा भाग नासाकडून आला, फाइली साठवणारा स्विफ्ट रॅकस्पेसकडून. जिनिव्हाजवळची सर्न ही कणभौतिकीची प्रयोगशाळा २०१३ पासून ते वापरते. हे संचालकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्याकडे शास्त्रज्ञ आहेत, आमच्याकडे तुम्ही दोघं." मुद्दा बरोबर होता.

इन्स्टॉल करण्याआधी सहकारीने मला फळ्यासमोर बसवलं. डॅशबोर्डवर 'लाँच' दाबल्यावर काय काय होतं ते तिने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. हॉरायझन म्हणजे नुसता दर्शनी भाग. तो आधी कीस्टोनकडे जातो. तिथे ओळख पटली की टोकन मिळतं. टोकन घेऊन विनंती नोव्हाकडे. नोव्हा प्लेसमेंटला विचारतो की एवढी मेमरी, एवढे कोअर कोणत्या सर्व्हरवर शिल्लक आहेत. शेड्यूलर त्यातला एक निवडतो, आणि निरोप रॅबिटएमक्यूच्या रांगेतून त्या सर्व्हरवरच्या नोव्हा-कम्प्यूटला पोचतो. तो ग्लान्सकडून ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज, न्यूट्रॉनकडून नेटवर्कचा पोर्ट आणि सिंडरकडून डिस्क घेतो. मग लिनक्समधलं केव्हीएम प्रत्यक्ष व्हीएम सुरू करतं. यंत्र जागं झालं की आतलं क्लाउड-इनिट १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर 'माझं नाव काय, माझी किल्ली कोणती' असं विचारतं. तिथून उत्तर आलं नाही तर व्हीएम सुरू असते, पण आत शिरता येत नाही.

सरकारी कचेरीत फाइल टेबलामागून टेबल फिरते तसं हे आहे. अडली तर शेवटच्या टेबलावरचा माणूस "वरून आली नाही" एवढंच सांगतो. ओपनस्टॅकमध्ये त्या वाक्याचं रूप आहे 'नो व्हॅलिड होस्ट वॉज फाउंड'. मेमरी संपली, एखाद्या सर्व्हरवरची कम्प्यूट सेवा मेली किंवा प्लेसमेंटच्या नोंदी जुन्या राहिल्या, काहीही झालं तरी संदेश हाच. म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एक शिस्त आहे: एरर वाचत बसायचं नाही. प्रत्येक विनंतीला 'रेक' ने सुरू होणारा एक क्रमांक असतो, तो उचलायचा आणि सगळ्या सेवांच्या लॉगमध्ये शोधायचा. फाइल कुठल्या टेबलावर अडली ते तिथे दिसतं.

उभारणीसाठी कोला-अ‍ॅन्सिबल वापरलं. या साधनात प्रत्येक सेवा डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र डब्यात, बसते आणि बहुतेक निर्णय ग्लोबल्स नावाच्या एकाच फाइलमध्ये लिहावे लागतात. कमांड चालवणं हा यातला सर्वांत सोपा भाग. खरा वेळ गेला तो नेटवर्कचे निर्णय घेण्यात. बाहेरच्या नेटवर्कसाठी दिलेल्या कार्डाला आयपी पत्ता द्यायचा नसतो, ते न्यूट्रॉनच्या ताब्यात जातं. म्हणून प्रत्येक सर्व्हरला निदान दोन कार्डं हवीत. तीन कंट्रोलरच्या (ओपनस्टॅकच्या मुख्य सेवा चालवणाऱ्या सर्व्हरच्या) पुढे एक सामायिक आयपी असतो, तो कीपअलाइव्हड हा प्रोग्राम सांभाळतो. त्याचा राउटर क्रमांक कोलामध्ये मुळात ५१ असतो. आमच्या फायरवॉलच्या जोडीतही नेमका ५१ होता. दोघं एकाच नेटवर्कवर असल्याने सामायिक आयपी कधी लागायचा, कधी नाही. आकडा बदलला आणि प्रश्न मिटला, पण ५१ हे लक्षात येईपर्यंत आम्ही केबलीसुद्धा बदलून पाहिल्या होत्या.

साठवणुकीसाठी सेफ (Ceph), म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क मिळून एक साठा बनवणारं सॉफ्टवेअर. कोला पूर्वी सेफही बसवून द्यायचं, आता ते वेगळं उभारावं लागतं. सेफअ‍ॅडम नावाचं त्याचं स्वतःचं साधन आहे. इथे अकाउंट्सवाल्यांशी एक मजेदार बोलणं झालं. तीन सर्व्हरमध्ये मिळून ४८ टीबीच्या डिस्क घेतल्या. सेफ प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतं, म्हणजे उरले १६. डिस्क ८५ टक्के भरली की ते इशारा देतं, ९५ टक्क्यांवर लिहिणं थांबवतं. तेव्हा बिनधास्त वापरता येतील असे साडेतेराच्या आसपास. "बिल अठ्ठेचाळीसचं आणि वापरायला तेरा?" हा प्रश्न मला लेखी आला. उत्तरही लेखी दिलं: एक सर्व्हर पूर्ण बंद पडला तरी उरलेल्या दोन प्रतींवर काम चालू राहतं. मात्र सर्व्हर तीनच असल्याने तिसरी प्रत नव्याने बनवायला जागा नसते. बंद पडलेला सर्व्हर लवकर उभा करावाच लागतो. ही दुसरी गोष्टही मी त्या उत्तरात लिहिली, कारण ती कोणी विचारत नाही.

एसएसडी घेताना मात्र दुकानदाराचं ऐकू नका. घरगुती एसएसडी जाहिरातीत वेगवान असतात, पण तो वेग कॅशचा. सेफ प्रत्येक लेखन खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री मागतं. ज्या एसएसडीत वीज गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर नसतात, त्या इथे रांगायला लागतात. आम्ही एक नमुना मागवून एफआयओ या चाचणीच्या साधनाने ४ केबीची सिंक लेखनं करून पाहिली आणि तो परत पाठवला. डिस्क एकत्र जोडणारं रेड (RAID) कार्डही मध्ये नको. डिस्क थेट सेफला दिसल्या पाहिजेत. आणि इमेज क्यूकाऊ-२ मध्ये न ठेवता रॉ स्वरूपात ठेवाव्यात. रॉ असेल तर सेफ जागच्या जागी क्लोन करतं आणि व्हीएम काही सेकंदांत उभी राहते. नाहीतर प्रत्येक वेळी अख्खी इमेज उतरवून बदलून घ्यावी लागते.

सगळं लागलं, पिंग चाललं, एसएसएच चाललं, आणि मग डेव्हलपरांची तक्रार आली: व्हीएमच्या आत डॉकर बिल्ड मध्येच गोठतं. एरर नाही, काही नाही. व्हीएममधून तीच फाइल उतरते, कंटेनरमधून उतरत नाही. उलगडा असा. टीमचं खाजगी नेटवर्क व्हीएक्सलॅनच्या वेष्टनातून जातं, आणि त्या वेष्टनाला ५० बाइट लागतात. म्हणून न्यूट्रॉन व्हीएमला १५०० ऐवजी १४५० एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी, बाइटमध्ये) देतो. डॉकरला हे माहीत नसतं, तो आपल्या नेटवर्कच्या पुलावर (ब्रिजवर) १५०० च धरतो. छोटी पाकिटं जातात, मोठी वाटेत गळतात. म्हणून पिंग चालतं आणि टीएलएस (सुरक्षित जोडणी) अडकतं. तात्पुरता उपाय म्हणजे डॉकरला १४५० सांगणं. पण प्रत्येक डेव्हलपरला ते सांगत फिरणार कोण? आम्ही सर्व्हरमधल्या स्विचवर जंबो फ्रेम (मोठी पाकिटं) चालू केल्या, न्यूट्रॉनला खालच्या नेटवर्कचा नवा एमटीयू सांगितला आणि आधी बनलेल्या प्रत्येक नेटवर्कला हाताने १५०० दिला. नुसती सेटिंग बदलून जुनी नेटवर्कं सुधारत नाहीत.

आता विजेबद्दल. जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की कुंडईत वीज येते-जाते, ते आम्हाला नवीन नाही. एका रात्री जनरेटरने साथ दिली नाही, यूपीएस संपला आणि अख्खा रॅक एकदम झोपला. वीज आल्यावर सर्व्हर उठले, पण डॅशबोर्ड उठेना. ओपनस्टॅकचा सगळा जमाखर्च मारियाडीबी या डेटाबेसमध्ये असतो, तीन प्रतींच्या गॅलेरा क्लस्टरमध्ये. तिन्ही एकदम पडले की शेवटचा व्यवहार कोणाकडे आहे ते त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नसतं, आणि जुनी प्रत खरी मानली जाऊ नये म्हणून एकही आधी उठायला तयार होत नाही. वागणं योग्यच आहे, पण पहाटे ते पटत नाही. कोलामध्ये यासाठी मारियाडीबी रिकव्हरीची खास कमांड आहे: सर्वांत पुढे गेलेली प्रत शोधून ती आधी उठवते, बाकीच्या तिच्या मागे लागतात. त्या रात्रीनंतर एनयूटी हे यूपीएसवर लक्ष ठेवणारं ओपन सोर्स साधन बसवलं. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की आधी व्हीएम बंद, मग कम्प्यूट सर्व्हर, मग सेफला 'नोआउट' (बंद डिस्क बाद धरू नकोस) सांगून शेवटी साठवणुकीचे सर्व्हर. उठवताना क्रम उलटा. वीज आल्यावर व्हीएम आपोआप सुरू करण्याची सोय नोव्हात आहे, ती आम्ही मुद्दाम बंदच ठेवली; सेफ पुरतं सावरण्याआधी व्हीएम धावत सुटल्या तर गोंधळ वाढतो.

जुन्या व्हीएम हलवणं कंटाळवाणं, पण सरळ. लिनक्सच्या गेल्या तशा गेल्या. विंडोजमध्ये व्हर्टआयओचे (आभासी डिस्क आणि नेटवर्कचे) ड्रायव्हर आधी घातले नाहीत तर तिला स्वतःची बूट डिस्कच दिसत नाही आणि निळा पडदा येतो. व्हर्ट-व्ही२व्ही नावाचं साधन हे काम बऱ्यापैकी करतं. आमचे सर्व्हर वेगवेगळ्या वर्षांचे आहेत, त्यामुळे नव्या प्रोसेसरवर सुरू झालेली व्हीएम चालू अवस्थेत जुन्यावर जाईना. सगळ्यांना समजेल असं जुनं सीपीयू मॉडेल नोव्हात नेमून दिलं. थोडा वेग गेला, पण दुरुस्तीसाठी सर्व्हर आता भर दुपारी रिकामा करता येतो.

आम्ही २०२४.१ आवृत्तीवर, म्हणजे कॅराकलवर आहोत. नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते, पण २०२३.१ पासून वर्षातल्या पहिल्या आवृत्तीवरून थेट पुढच्या वर्षाच्या पहिल्या आवृत्तीवर उडी घेता येते, मधली गाळून. त्यामुळे आमचा पुढचा टप्पा २०२५.१. चवथीला (गणेश चतुर्थीला) कंपनी रिकामी असते, तेव्हाच करून टाकूया, असं संचालकांनी सुचवलं. "सर, मग साखळीला गणपतीची माटोळी बांधायला तुम्ही जाणार का?" सहकारीने विचारलं. तारीख चवथीनंतरची ठरली. तोपर्यंत एका जुन्या सर्व्हरवर कोलाने सगळ्या सेवा एकत्र बसवल्यात, खऱ्या डेटाबेसची प्रत तिथे उतरवलीय आणि अपग्रेडची तालीम तिच्यावर चालू आहे.