कासरा धरणारा हात

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितलं की बहुतेक जण वर्ग, घंटा, छडी आणि गुरुजी यांवर लिहितील, आणि ते लिहायलाच हवं. मी शाळा सुटल्यावरच्या वेळेबद्दल लिहितो आहे. सत्तरच्या दशकात आपल्या पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांत पाच वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत आणि मे महिन्यात दिवसभर पोरं कुठे आहेत हे घरात कोणी विचारत नसे. त्या मोकळिकीच्या आठवणी सगळेच काढतात. पण ती कशी चालायची, तिच्यात कोण कोणाला काय शिकवायचं आणि कुठे चुकलं की जीव जायचा, हे कोणी नीट सांगत नाही. पुढच्या पिढीच्या हाती ते राहावं म्हणून हे लिहिणं.

सुरुवात विहिरीपासून.

1972च्या दुष्काळात आपल्याकडच्या बऱ्याच विहिरी सुरुंग लावून खोल केल्या गेल्या. वरचा भाग जुना, दगडी बांधकामाचा, आणि खाली फोडलेला कातळ. कातळ कधी सरळ फुटत नाही. पाण्याखाली आठ-दहा फुटांवर टप्पे राहतात आणि ते वरून दिसत नाहीत. म्हणून नव्या विहिरीत कोणी थेट उडी टाकत नसे. आधी पोहणारा थोरला पोरगा पायऱ्यांनी उतरायचा, बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणायचा. ‘तळ काढला’ म्हणजे मर्दुमकी, असं लहानांना वाटायचं. खरं तर ती तपासणी होती. काळा मऊ गाळ हाताला लागला तर तळापर्यंत वाट मोकळी आहे, मुरूम किंवा टोकदार कपरी लागली तर त्या बाजूला उडी नाही, आणि बाभळीची फांदी पडलेली असली तर ती काढेपर्यंत पोहणंच बंद. तळाकडे जाताना कान दुखायला लागले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान मोकळे होतात. सर्दी असेल त्या दिवशी बुडी मारायची नाही, हाही नियमच होता.

शिकणाऱ्याला पहिले दोन-तीन दिवस तरंगायला बांधायचा डबा मिळत नसे. पाण्यातल्या शेवटच्या पायरीला दोन्ही हातांनी धरायचं आणि नुसते पाय मारायचे. नवशिक्या गुडघ्यातून पाय मारतो. पाणी खूप उडतं, आवाज मोठा होतो आणि अंग पायांकडून खाली बसत जातं. पाय मांडीपासून हलला पाहिजे, गुडघा सैल, टाचा जेमतेम पाण्याबाहेर. हे जमलं की डबा.

डबा म्हणजे गोडेतेलाचा पत्र्याचा रिकामा डबा, नाहीतर वाळलेला भोपळा, नाहीतर पांगाऱ्याच्या लाकडाचा ओंडका. यातली डब्याची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. पंधरा किलोचा डबा पाण्यात पंधरा-सोळा किलो उचलतो. शाळकरी पोराचं अंग पाण्यात जवळजवळ आपोआपच तरंगतं. नाक-तोंड वर ठेवायला तीन-चार किलोचा आधार पुरे. मोठा डबा कमरेला बांधला की कंबर वर येते आणि डोकं खाली जातं, आणि पोर जितकं जास्त हातपाय मारतं तितकं तोंड पाण्यात दबत जातं. पाच किलोचा डबा चांगला. तो कमरेला बांधायचा नाही. दोरी छातीभोवती, काखेखालून घ्यायची आणि डबा पाठीवर, खांद्यांच्या फऱ्यांच्या मधोमध बसवायचा. गाठ अशी मारायची की ओली झाली तरी एका ओढीत सुटेल. सुंभ भिजला की आवळतो, म्हणून दोरी आणि अंग यांत दोन बोटं मावतील इतकी जागा ठेवायची.

डब्याचं झाकण मेणाने किंवा डांबराने बंद करायचं आणि रोज पाण्यात नेण्याआधी डबा दाबून धरून बुडबुडे येतात का बघायचं. पत्रा सांधलेला डाखाचा जोड गंजला की पाणी हळूहळू आत जातं. पोराला वाटतं आपण दमलो, म्हणून बुडतो आहोत. प्रत्यक्षात डबा भरत आलेला असतो. भोपळ्याला ही भीती कमी, पण तो पायरीवर आपटला की तडकतो. मला विचाराल तर पांगारा सगळ्यात गुणी. दोन-तीन महिने वाळवलेलं पांगाऱ्याचं लाकूड फार हलकं असतं, आणि रोज पाण्यात राहून ते हळूहळू पाणी पीत जातं. म्हणजे आधार दिवसागणिक आपोआप कमी होतो आणि पोराच्या लक्षातही येत नाही. पंधरवड्याने ओंडका सोडला तरी पोर पोहत राहतं.

आणि या सगळ्यावर कासरा. काखेखालून बांधलेल्या दोरीला बैलाचा कासरा, म्हणजे बैल हाकायची लांब दोरी, जोडायचा आणि त्याचं दुसरं टोक पायरीवर बसलेल्या थोरल्याच्या हातात. त्याने कासरा ताणायचा नाही, ढिला सोडायचाही नाही. ढिला कासरा पायात गुंततो, ताणलेला कासरा पोहू देत नाही. तो धरणारा नववी-दहावीतला पोरगा असायचा, कधी कोणाचा चुलता. त्याचं काम तेवढंच: डोळा पाण्यावर ठेवायचा आणि बडबड करायची नाही. आमची मोकळीक म्हणतात ती या हातावर उभी होती. मोठी माणसं दिसत नव्हती, म्हणून कोणी बघत नव्हतं असं नाही.

उड्यांचं शास्त्र वेगळं. बैलांनी पाणी ओढायच्या मोटा निघून गेल्या तरी मोट रिकामी करायची थारोळी आणि बैल चालायच्या धावा शिल्लक होत्या, आणि थारोळ्याच्या दगडावरून उडी मारणं हा मान होता. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं तेव्हा ती उडी पाच-सहा फुटांची, चैत्रात तीच वीस-पंचवीस फुटांची होते. वीस फुटांवरून पाण्याला टेकताना वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या जवळ असतो. खाली निदान दहा-बारा फूट पाणी हवं. उभी उडी मारताना पाय जुळलेले आणि हात मांड्यांना चिकटलेले, नाहीतर पाण्याचा तडाखा काखेत बसतो. मुटका, म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन उडी, मारताना हनुवटी गुडघ्यावर आपटून जीभ चावली जाते, म्हणून दात मिटलेले. सूर मारणारा मान वर उचलून बघायला गेला तर छाती सोलून निघते, आणि हात डोक्यापुढे नसतील तर मान मोडते. पाणी कमी झालं की सूर बंद, हे सांगायला लागायचं नाही. पहिल्या पावसाने विहीर गढूळ झाली की पोहणंच बंद, कारण गढूळ पाण्यात बुडणारा दिसत नाही.

विहिरीत दिवड, म्हणजे पाणसाप, असायची. तिला विष नसतं, धरली तर चावते, नाही धरली तर कपारीत निघून जाते. तिच्यापेक्षा कितीतरी धोकादायक होतं ते इंजिन.

पंप वरून पाणी ओढतो तेव्हा खरं तर हवेचा दाब पाणी वर ढकलत असतो. हिशेबाने ते तेहेतीस-चौतीस फुटांपर्यंत चढायला हवं, पण व्यवहारात वीस-बावीस फुटांपलीकडे पंप पाणी उचलत नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शेतकरी इंजिन किंवा मोटर विहिरीतच टप्प्यावर उतरवायचे. आता डिझेल इंजिनाचा धूर खोल विहिरीत साचतो. त्यातला विषारी वायू कळत नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, नुसती गुंगी येते. विजेच्या मोटरचं तर वायरचं एक सोललेलं टोक पुरे. इंजिन आत उतरलेलं असेल किंवा मोटर चालू असेल तर त्या विहिरीत पाय ठेवायचा नाही, ही गोष्ट काही गावांनी पोरं गेल्यावरच शिकली. आणि वर्षानुवर्षं न वापरलेल्या विहिरीत उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तो विझला तर माणूसही आत टिकणार नाही. कंदील जळत राहिला म्हणून सगळं निर्धास्त असंही नाही, इंजिनाचा धूर कंदील विझवत नाही.

बुडणाऱ्याला समोरून धरायला जायचं नाही. तो मिठी मारतो आणि दोघं जातात. आधी कासरा, पटका, धोतर, फांदी, हाताला येईल ते त्याच्याकडे टाकायचं. पाण्यात जावंच लागलं तर मागून जाऊन केस किंवा काखा धरायच्या. मिठी बसलीच तर वर यायची धडपड न करता खाली बुडी मारायची, तो हवेसाठी हात सोडतो. इथपर्यंत आमच्या थोरल्यांना चोख माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. बाहेर काढलेल्या पोराला डोक्यावर पालथं घालून गरगर फिरवत, पोट दाबून पाणी काढत. त्यात मोलाची मिनिटं गेली. त्याला उताणं निजवून, मान मागे कलवून, नाक दाबून तोंडाने श्वास द्यायला हवा होता आणि नाडी नसेल तर छाती दाबायला हवी होती. हे त्या काळी शाळेच्या चार भिंतींत पाच मिनिटांत शिकवता आलं असतं.

‘आम्ही असेच वाढलो, आम्हाला काही झालं नाही’ हे वाक्य मला म्हणूनच बोलवत नाही. ज्यांना झालं त्यांच्या घरचं कोणी स्मरणिकेत मनोगत लिहीत नाही.

सायकलीने सहसा जीव गेला नाही, पण गुडघे तिनेच फोडले. लहान सायकल नावाची वस्तू गावात नव्हती. अठ्ठावीस इंची चाकांची मोठी काळी सायकल, तासावर भाड्याने. आधी चार-दोन दिवस नुसती हातात धरून चालवायची. मग डावा पाय डाव्या पायडलवर ठेवून उजव्याने लंगडी घालत जायचं. तोल लंगडीतच येतो, आणि हा टप्पा गाळणाराच जास्त पडतो. मग उजवा पाय नळीखालून पलीकडे, डावा हात हँडलला, उजवा नळीला किंवा सीटला. अंग डावीकडे लोंबतं, म्हणून सायकल उजवीकडे कलती ठेवावी लागते. पायडल पूर्ण फिरवायचं नाही, अर्धं खाली दाबायचं आणि परत वर आणायचं. हेच हाफ पायडल. या अवस्थेत उजवीकडे वळलं की खालचं पायडल जमिनीला घासून सायकल उलटते, तेव्हा मैदानात पहिले आठ दिवस डावीकडेच चकरा.

साखळी उजव्या बाजूला आणि उजवा पाय तिच्याशेजारी, त्यामुळे घोट्याच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसने भरलेली जखम ठरलेली. ती साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची. आम्ही त्यावर माती लावायचो आणि ते साफ चुकीचं होतं, धनुर्वात मातीतूनच होतो. सायकल भाड्याने घेताना हवा सगळे बघत. पायडलचा दांडा आसाला पक्का धरणारी कॉटर पिन थोडे बघत. ती सैल असली की पायडल दर फेरीला ‘टक’ करतं आणि चढावर जोर लावताना अचानक घसरतं. उतारावर पुढचा ब्रेक एकटा दाबला की हँडलवरून पुढे. कॅरिअरवर बसणाऱ्याने पाय फाकवून धरायचे, टाच तारांत गेली की मागचं कातडं सोलून निघतं.

झाडांचं थोडक्यात. शेवग्यावर चढायचंच नाही, जांभळावर खोडाजवळच, कारण दोघांच्या फांद्या न वाकता काडकन मोडतात. चिंच आणि वड चिवट. दोन पाय, दोन हात, यातले तीन कायम टेकलेले. बेचकीला पेरूची दुबेळकी फांदी, सायकलच्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या आणि जुन्या चपलेचं कातडं. रबर नेहमी गाठीपाशी चिरतं आणि सुटलं की चाबकासारखं डोळ्यावर येतं, म्हणून ताणण्याआधी गाठ उलटून बघायची. विटीदांडूत वकट, लेंड, मूंड, नाल हे आकडे तेलुगूतून आलेले, पुढचे गावागणिक बदलतात. विटी दोन्ही टोकांना फार टोकदार केली तर वेडीवाकडी उडते. टोक पेन्सिलीसारखं नको, बोथट हवं. कोलणाऱ्याच्या समोर दहा पावलांच्या आत कोणी उभं राहायचं नाही. डोळे गेले ते याच एका चुकीने.

आता एक गोष्ट, जी लिहिताना जड जाते. वर ‘पोरं’ म्हटलं ते सगळे मुलगे. आपल्या वर्गातल्या मुली त्याच विहिरीच्या ओल्या, शेवाळलेल्या पायऱ्या दिवसातून चार-पाच वेळा भरल्या घागरीनिशी चढत. पाण्याशी त्यांचा संबंध आमच्याहून जास्त होता, घसरण्याचा धोका जास्त होता, आणि पोहायला मात्र त्यांना कोणी शिकवलं नाही. त्यांच्या वाट्याला अंगणातले सागरगोटे आणि पंचमीचा झोका आले. खेळ सुंदर होते, पण पाण्यात पडल्यावर त्यांचा उपयोग नव्हता.

शाळेला माझी विनंती याच संदर्भात आहे. येत्या मे महिन्यात पाचवी ते सातवीसाठी पंधरा दिवसांचा पोहण्याचा वर्ग घ्यावा. पायऱ्या असलेली, मोटर बंद आणि फ्यूज काढलेली एक विहीर. तळ काढून तपासलेला. एका वेळी पाण्यात चारच मुलं, प्रत्येकाला पाच किलोचा डबा आणि तीस फुटी कासरा, प्रत्येक कासऱ्याला एक पोहणारं मोठं माणूस, आणि काठावर श्वास द्यायला शिकलेलं एक माणूस वेगळं. पहिली तुकडी मुलींची. डबे मी आणतो. पाठीवर ते कसे बांधायचे, हे आमच्या तुकडीतल्या पाच-सहा जणांच्या हातांना अजून पक्कं आठवतं.