शाडूचा गणपती: तडे का जातात, रंग का सुटतात

शाडूला तडे जातात ते बहुतेक वेळा पाणी जास्त झाल्यामुळे. माती चाळून रात्रभर भिजवा, जादा पाणी काढा आणि हाताला चिकटेनाशी होईपर्यंत मळा. थोडा पिंजलेला कापूस मिसळला की सोंड, कान, बोटं धरून राहतात. सोंड वेगळी वळून जोडायची तर दोन्ही बाजू काट्याने खरवडा आणि मध्ये पातळ माती लावा. नुसत्या पाण्याने चिकटवलेली सोंड वाळताना हमखास सुटते. पाठीमागून पोट कोरून पोकळ करा, अंगठ्याएवढी जाडी ठेवा. वाळवायची सावलीत. पंख्याखाली नकोच: वरून सुकते, आत ओल राहते, मग पाठ उलते.

रंग मूर्ती पूर्ण वाळल्यावरच. गेरू आणि पिवडी (रंगाची पिवळी माती) वस्त्रगाळ करून डिंकाच्या पाण्यात कालवा. डिंक कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर पापुद्रे निघतात. पितांबराला हळद दिसते झकास, पण उजेडाने फिकी पडते आणि चुन्याच्या अस्तरावर तर चक्क लाल होते! म्हणून अस्तर खडूच्या पुडीचं आणि पितांबराला पिवडीच बरी. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, काजळी डिंकात घोटून, बारीक कुंचल्याने.